वाजवलं कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर गाणं लागण्याआधी निवेदक तीन नावं सांगतो. गायकाचं, गीतकाराचं आणि संगीतकाराचं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तेव्हापासून किती पिढ्या या तीन नावांवर वाढल्या! या नावांची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की गाणं तिघांनीच केलं असं आपण धरून चालतो. पण गाणं सुरू होताना एकदम उठणारी ती पंचवीस-तीस व्हायोलिनं? दोन कडव्यांच्या मधे येऊन जीव कासावीस करणारी ती सारंगी? तो अॅकॉर्डियन, तो सॅक्सोफोन, तो ढोलकचा ठेका? हे सगळं वाजवलं कुणी? गाणं आपल्याला पाठ असतं. त्यातले वाद्यांचे तुकडेसुद्धा आपण तोंडानं वाजवून दाखवतो. फक्त ते वाजवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

मी कवी आहे, संगीतातला जाणकार नव्हे. पण या प्रश्नानं मला गेली काही वर्षं धरून ठेवलं आहे, आणि त्याचं कारण कवितेतच आहे. आपल्याकडे कवीला आपल्या रचनेत नाव घालायची मुभा आहे. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत अभंग लिहिले, तेही आपली मुद्रा घालून. गझलेच्या मक्त्यात शायर आपलं तखल्लुस गुंफतो. म्हणजे पोथी हरवली, पानं सुटी झाली, तरी ओळ आपल्या धन्याचं नाव घेऊन फिरत राहते. वादकाला ही सोय नाही. त्याची मुद्रा असते ती त्याच्या फुंकीत, गजाच्या ओढीत, बोटांच्या वजनात. ऐकणाऱ्याला ती जाणवते, पण वाचता येत नाही. ती वाचू शकणारी माणसं आहेत तोवरच ती मुद्रा आहे. आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत.

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा तो काळ कसा होता, ते थोडक्यात सांगतो. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ, वांद्र्याचा मेहबूब, परळचं राजकमल, अशा ठिकाणी सकाळपासून वादक जमत. त्यांत गोव्याचे ख्रिस्ती होते, पारशी होते, घराण्यांतून आलेले मुसलमान सारंगिये आणि तबलजी होते. पंजाबी, बंगाली, नेपाळी होते, आणि आपले मराठी व्हायोलिनवादक नि तालवादकही होते. संगीतकार चाल सांगायचा ती सरगममध्ये, नाहीतर नुसती गुणगुणून. ती पन्नास-साठ वाद्यांत वाटून देण्याचं काम अॅरेंजरचं. तो प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहायचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना ही लिपी नि व्हायोलिन शिकवत असत. त्यामुळे गोव्याचा वादक समोर कागद ठेवला की लगेच वाजवू शकायचा. चर्चमधल्या प्रार्थनेसाठी शिकवलेली विद्या अशी हिंदी आणि मराठी सिनेमाच्या कामी आली.

तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. आजच्यासारखा तुकडा तुकडा जोडायची सोय नव्हती. चौथ्या रांगेतल्या एकाचा स्वर हलला, की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागे. एका गाण्यासाठी दहा-दहा, वीस-वीस टेक होत. शिफ्ट संपली की पैसे घ्यायचे आणि दुसरा स्टुडिओ गाठायचा. गाणं कुठल्या चित्रपटाचं, कुणावर चित्रित होणार, हे अनेकदा वाजवणाऱ्याला माहीत नसे. नंतर कधीतरी इराण्याच्या हॉटेलात ते गाणं लागलं, की चहाचा कप हातात धरून तो ऐकत असे.

या लोकांतली काही नावं आता तरी आपल्या तोंडी यायला हवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. १९२७ चा जन्म. व्हायोलिनवादक आणि अॅरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघंही त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्याचा कार्यक्रम झाला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले, आणि गावी शांतपणे राहिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलाल यांनी गुरूचं नाव एका गाण्यात गुंफलं. सारा देश ते नाव घेऊन नाचला. पण ते खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना माहीत होतं? एखाद्याचं नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी असावं आणि तरी तो माणूस अज्ञात राहावा, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. २०१२ च्या जानेवारीत ते गेले. त्याच्या थोडंच आधी आपले मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून आज ऐकायला मिळतं.

फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेटवादक आणि अॅरेंजर. त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ हे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) त्या धडाकेबाज वाद्यमेळामागचे ट्रम्पेटवादक. शंकर-जयकिशन यांच्या व्हायोलिनांचा तो भरगच्च मेळ लिहिला सेबास्टियन डिसोझा यांनी, आणि त्यांच्या गाण्यातला ठेका सांभाळला दत्ताराम वाडकर यांनी. तो ठेका वादकांत ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुर्जोर, या एका पारशी घरानं बाँगोपासून व्हायब्रोफोनपर्यंत आणि अॅकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत किती वाद्यं या संगीतात आणली! मनोहारी सिंग १९५८ मध्ये कोलकात्याहून मुंबईत आले आणि पुढची कित्येक वर्षं सिनेमातला सॅक्सोफोन म्हणजे मनोहारी असं समीकरण झालं.

यांतल्या काहींना नाव मिळालं ते स्टुडिओ सोडल्यावर. सारंगीवादक पं. रामनारायण १९४९ मध्ये मुंबईत आले, चित्रपटांत वाजवू लागले. पण जगानं त्यांना ओळखलं ते मैफलीच्या मंचावर. पं. शिवकुमार शर्मा, पं. हरिप्रसाद चौरसिया यांनीही चित्रपटांसाठी पुष्कळ वाजवलं. मंचावर आले ते पंडित झाले, स्टुडिओत राहिले ते ‘म्युझिशियन’ राहिले. हात तेच होते.

चरणजित सिंग यांची गोष्ट तर विलक्षण आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या या माणसानं १९८२ मध्ये दहा राग इलेक्ट्रॉनिक तालावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. ती कुणी विचारली नाही. २०१० मध्ये परदेशातल्या संग्राहकांनी ती पुन्हा प्रकाशित केली आणि सत्तरीच्या घरात त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. पण हे भाग्य एखाद्याचं. बाकीच्यांचं काय?

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, नव्वदीत संगणक आला. साठ जणांचं काम दोघे-तिघे करू लागले. स्टुडिओ बंद पडले, काहींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वादकांना शिफ्टचे पैसे मिळाले होते, पुढच्या विक्रीत वाटा नव्हता. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि स्वामित्वधनाची तरतूद झाली ती २०१२ मध्ये. ज्यांची उमेद त्याआधीच स्टुडिओत सरली होती त्यांच्या हाती त्यातून फारसं लागलं नाही. पैसा गेला तो गेला. निदान नाव तरी राहावं, एवढंच आता आपल्या हातात आहे.

आता नाव राखायचं म्हणजे काय करायचं? आपल्याकडे त्याची एक ठरलेली रीत आहे. शाल, श्रीफळ, हार, आणि ‘आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत’ असं भाषण. सत्काराला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर शाल पडली की त्याला ऊब वाटते. पण सत्कार करणं म्हणजे आठवण जपणं नव्हे. हे मला आमच्या गावातल्या एका वृद्ध वादकानं शिकवलं. त्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणायचा, मीही चाचाच म्हणतो.

चाचा मुळात आमच्या गावच्या बँड कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाच्या वराती, गणपती, उरुस. तरुणपणी ते मुंबईला गेले, तिथे सॅक्सोफोन हाती घेतला, आणि सुमारे तीस वर्षं स्टुडिओंतून वाजवून नव्वदीत काम आटलं तसे गावी परतले. एका गाजलेल्या गाण्यातला सॅक्सोफोन चाचांचा, असं गावात सगळे सांगत. एका मंडळानं त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कारही केला. फलकावर त्या गाण्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं.

पुढे मी त्यांच्या आठवणी लिहून घेऊ लागलो. एका दुपारी मी मोबाइलवर ते गाणं लावलं आणि इअरफोन त्यांच्या कानाला दिला. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “ही फूंक माझी नाय.”

मी पाहतच राहिलो. म्हटलं, “चाचा, अहो, सत्कार झाला ना याचा?”

“मी सांगितलं होतं त्यांना. पण हार आणलेला होता. परत कसा न्यायचा?”

आणि हसले. मग पुन्हा गाणं लावायला सांगितलं. पहिलं कडवं संपल्यावर मुख्य सॅक्सोफोन सुरू झाला तशी त्यांनी गुडघ्यावर बोटं हलवायला सुरुवात केली. पण ती बोटं त्या सुरावटीवर हलत नव्हती, दुसऱ्याच कशावर तरी हलत होती. “त्याच्या खाली ऐक,” ते म्हणाले. “खाली दुसरा आहे बघ. दबून वाजतोय. तो मी.” चौथ्यांदा ऐकल्यावर मला तो ऐकू आला. एकदा ऐकू आल्यावर आता तो ऐकू येत नाही असं होत नाही. तो खालचा सूर काढून घेतला तर वरचा उघडा पडेल, इतकं त्याचं काम आहे.

“लिही,” चाचा म्हणाले, “दुसरा सॅक्सोफोन. आणि पहिल्याचं नाव शोध. त्याच्या घरचे बी वाट बघत असतील.”

श्रोतेहो, ऐंशीच्या पुढचा माणूस, गावानं दिलेला मान हातात असताना तो खाली ठेवतो आणि आपल्या वाट्याचं तेवढंच मागतो. त्याला जास्तीचं नको होतं, खरं हवं होतं. आपण त्याला फुकटचा मोठेपणा देऊ करतो तेव्हा दोन माणसांवर अन्याय करतो. ज्यानं वाजवलं त्याच्यावर तर करतोच, पण ज्याला मान देतो त्याच्यावरही, कारण त्याचं खरं काम झाकलं जातं.

चाचा गेल्यावर त्यांच्या पेटीत अकरा डायऱ्या निघाल्या. औषधाच्या दुकानातून दिवाळीला मिळतात तशा, खिशात मावणाऱ्या. सगळ्या नोंदी उर्दूत आणि घाईच्या अक्षरात. घरातली नवी पिढी मराठी शाळेत शिकलेली, त्यांना त्या वाचता येईनात, म्हणून त्या रद्दीच्या गठ्ठ्यात गेल्या होत्या. त्यांच्या सुनेनं त्या बाजूला काढल्या, कारण मागच्या पानांवर सासूबाईंच्या हातचा दुधाचा हिशेब होता. मी त्या वाचून मराठीत उतरवल्या. नोंदी अशा: तारीख, स्टुडिओ, संगीतकार, शिफ्ट, रुपये. गाण्याचं नाव जवळजवळ कुठेच नाही. पण विचार करा, कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी १९३१ पासूनच्या चित्रपटगीतांचा जो ‘हिंदी फिल्म गीत कोश’ खपून तयार केला, त्यात गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक सारं सापडतं. अमुक दिवशी अमुक स्टुडिओत अमुक संगीतकारासाठी कोण हजर होतं, हे मात्र अशा डायरीतच सापडतं. एका माणसाची डायरी ही जमाखर्चाची वही असते. दहा माणसांच्या डायऱ्या शेजारी ठेवल्या की तो इतिहास होतो.

हे काम अशक्य नाही, कारण काहींनी ते करून दाखवलं आहे. न्यूझीलंडमधले संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ मुंबईत आले, एकेका वादकाच्या घरी बसून बोलले, आणि २००८ मध्ये त्यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक आलं. त्याआधी त्यांनी लग्नाच्या बँडवाल्यांवरही पुस्तक लिहिलं होतं. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईतल्या जॅझवादकांवर २०१२ मध्ये ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ लिहिलं. लॉर्ड घराण्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट झाला. मराठीत प्रभाकर जोग यांनी आत्मचरित्र लिहिलं. पुणे आकाशवाणीच्या ‘गीतरामायणा’त व्हायोलिन वाजवणाऱ्या जोगांनी स्वतः लेखणी हाती घेतली हे आपलं भाग्य. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांची हकीकत राहिली. प्रत्येक वादक लिहील असं नाही. ज्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या सुराला साथ देण्यात गेलं, त्यांना ‘मी’पासून वाक्य सुरू करायला संकोच वाटतो. तिथे आपण जायला हवं.

जाताना काय करावं? माझ्या थोड्याशा अनुभवावरून सांगतो. “तुमच्या आठवणी सांगा” असं विचारू नये. मग ठरलेले चार किस्से येतात, त्यातले अर्धे मोठ्या गायकांचे. गाणं लावावं आणि विचारावं, यात तुम्ही कुठे? शेजारी कोण बसलं होतं? कागद कुणी लिहिला होता? घरी कधी पोचलात? बोलणं ध्वनिमुद्रित करावं, त्यावर तारीख आणि ठिकाण नोंदवावं. जुन्या फोटोच्या मागे आजच पेन्सिलनं नावं लिहावीत, डावीकडून उजवीकडे. उद्या ती सांगणारा नसेल. सभासदत्वाचं कार्ड, डायरी, स्वरलिपीचा पिवळा पडलेला कागद, पावती, यांतलं काहीही क्षुल्लक समजू नये. माणसाची स्मृती फसवी असते. वयानुसार तर असतेच, पण प्रेमानंही असते. एकाच तुकड्यावर दोघांनी हक्क सांगितला तर दोघांचंही लिहून ठेवावं आणि पुराव्याची वाट पाहावी. निकाल देण्याची घाई करू नये. मूळ वस्तू घरच्यांकडे राहू द्यावी, प्रती मात्र दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गावोगावची ग्रंथालयं आहेत. एवढ्यासाठी विद्वान असावं लागत नाही. मी साधा बी.ए. झालेला माणूस आहे. ऐकून घेण्याची सवड आणि लिहून ठेवण्याची शिस्त असली म्हणजे पुरे.

मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, मडगाव-म्हापशात, एखाद्या जुन्या चाळीत नाहीतर मुलाच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत यांतलं कुणीतरी आजही बसलेलं असेल. पलंगाखाली वाद्याची पेटी असेल. शेजाऱ्यांना वाटत असेल, हे कुठेतरी नोकरीला होते. त्यांना मोठं करायची गरज नाही, ते होते तेवढे मोठे आहेतच. फक्त त्यांनी काय वाजवलं ते त्यांच्याकडून नीट विचारून घ्या, आणि त्यांच्या नावापुढे तेवढंच, पण तेवढं नक्की लिहा.

आणि हो, या भाषणानंतर रेडिओवर एखादं जुनं गाणं लागेल. निवेदक तीन नावं सांगेल. ती ऐका. मग गायकाचा आवाज थांबेल तिथे कान थोडा खाली न्या. तिथे कुणीतरी दबून वाजवतो आहे.